दुबेजींनी सगळे फोटो काढले

बातमीदाराच्या डोक्यात दोन कप्पे असतात. एकात छापून आलेलं असतं. ते दुसऱ्या दिवशी शिळं होतं आणि मूगडाळीचे गरम मंगोडे बांधायला जातं. दुसऱ्यात संपादकांनी कापलेलं असतं, आणि ते मात्र साचत जातं. जबलपुरात हिंदी दैनिकांत जन्म घालवल्यावर माझा हा दुसरा कप्पा चांगलाच फुगला आहे. अलीकडे त्यात जी भर पडली ती ना नगर निगमची आहे, ना पोलिसांची. ती आहे आमच्या रविवारच्या फोटोवाल्यांची.

आम्ही पाच मराठी डोकी. रविवारी सकाळी गळ्यात कॅमेरे अडकवून कुठंतरी हिंडायचं, बहुतेक वेळा नर्मदेच्या ग्वारीघाटावर. मग राइट टाउनमध्ये डॉक्टर पाटणकरांच्या दवाखान्यात जमायचं. डॉक्टर दातांचे. रविवारी दवाखाना बंद, त्यामुळे पेशंटच्या बाकांवर आम्ही बसतो आणि एकमेकांच्या फोटोंचे दात उपटतो.

* * *

डॉक्टरांपासूनच सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त लेन्सा त्यांच्याकडे आहेत आणि सगळ्यात कमी फोटोही त्यांच्याचकडे आहेत. नवीन लेन्स आली की ते तिची परीक्षा घेतात. परीक्षा संपेपर्यंत पुढची लेन्स बाजारात येते.

एका रविवारी त्यांनी लॅपटॉप उघडला आणि पडद्यावर माझ्या दैनिकाचं पहिलं पान आलं. वर माझ्या नावानिशी माझी बातमी. सरकारी इस्पितळातल्या बंद पडलेल्या मशिनींची ती बातमी मिळवायला मी अर्ध्या शहराशी भांडलो होतो. छापून आली तेव्हा शहरात कुणी हूं की चूं केलं नव्हतं. इथं मात्र डॉक्टर ती मोठी करून, अक्षर न् अक्षर सरकवत पाहत होते. मला भरून आलं.

“कशी वाटली?” मी विचारलं.

“मध्यभागी उत्तम आहे,” डॉक्टर म्हणाले. “कडेला जरा ढिली पडते.”

मी म्हणालो, “कडेला संपादकांनी कापली. मूळ बातमी मोठी होती.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. “मी नव्या लेन्सबद्दल बोलतोय. या पानाचा फोटो तिनंच काढलाय. तुम्ही कशाबद्दल?”

“म्हणजे बातमी वाचली नाहीत?”

“नाही हो. मी फक्त कोपरे पाहिले.”

त्या दिवशी मी त्यांचा चहा घेतला नाही. समोसा घेतला, पण चहा नाही.

* * *

मेश्रामकाका आमच्यात वयानं सगळ्यात मोठे. संरक्षण कारखान्यात होते, इन्स्पेक्शनमध्ये. आयुष्यभर तयार माल हातात घ्यायचा, मापायचा आणि एक शब्द बोलायचा, हे त्यांचं काम. रिटायर झाल्यावर त्यांनी कॅमेरा घेतला, पण शब्द तेच राहिले. आमचे फोटो ते चष्मा कपाळावर चढवून पाहतात आणि निकाल देतात. ‘रिजेक्ट’, ‘रीवर्क’, किंवा फारच मनात आलं तर ‘डेव्हिएशनवर पास’, म्हणजे दोष आहे, पण चालवून घेऊ. नुसतं ‘पास’ कुणी ऐकलेलं नव्हतं. स्वतःच्या फोटोंनाही त्यांनी ते कधी दिलेलं नव्हतं.

हिवाळ्यात नर्मदेवर परदेशी कुरव, म्हणजे सीगल, येतात. पांढरे, देखणे. लोक नावेतून त्यांना शेव टाकतात आणि ते पाखरू हिमालय ओलांडून येऊन फरसाण खातं. मी यावर लिहिलं आहे, भांडलो आहे, एका नाववाल्याशी तर पार हातघाईवर आलो होतो. तो शांतपणे म्हणाला, “अंकल, लड़ भी रहे हो और फोटो भी उसी का खींच रहे हो जो सेव खा रहा है.”

त्या रविवारी रियानं तिचा फोटो दाखवला. रिया आमच्यातली सगळ्यात लहान. कॉलेजात शिकवते आणि फोनवरच फोटो काढते. मराठी तिला सगळी कळते, बोलताना मात्र ती हिंदीचा आधार घेते. फोटो झकास होता. पंख पसरलेला कुरव, मागे धुकं आणि चोचीत शेवेची एक काडी.

काकांनी चष्मा चढवला. “फॉरेन मटेरियल. रिजेक्ट.”

“क्यों, काका?”

“तोंडात शेव आहे ना. मालात बाहेरची वस्तू दिसली की लॉट परत.”

रिया चक्क मराठीत म्हणाली, “पण काका, इथं शेव लोकल आहे. पक्षीच फॉरेनची आहे.”

काकांनी फोटो पुन्हा एकदा पाहिला. मग म्हणाले, “डेव्हिएशनवर पास.”

* * *

काकांच्या घरी मात्र त्यांचंच इन्स्पेक्शन होतं.

ते शहराच्या गढा भागात राहतात. रविवारी उजाडायच्या आत बाहेर पडतात, तेव्हा नेमकं नळाला पाणी आलेलं असतं. काकूंचं म्हणणं असं की माणूस रिटायर झाला तो नळाच्या कामी यावा. एकदा मी त्यांना आणायला गेलो तेव्हा दारातच ऐकलं.

“चालले पाखराच्या मागं. पाखरू भरणार आहे का पाणी?”

काका बूट घालता घालता म्हणाले, “एकदा पाहून तर घे फोटो. कालचाच आहे.” आणि फोन पुढं केला.

“मोबाइलमधलं मले दिसत नाही,” काकू म्हणाल्या. बादली उचलली आणि आत गेल्या.

मी वातावरण हलकं करायला म्हणालो, “काका, एक मोठा करून भिंतीवरच लावा ना. मग काकूंना पाहावंच लागेल.”

आतून लगेच उत्तर आलं. “या भिंतीवर बुद्ध आहेत अन् माझे सासू-सासरे आहेत. त्यांच्या बाजूला बगळे नाही लागणार. लोकांनी आपल्या भिंतीवर लावला तर मी येईन पाहाले. नवी साडी नेसून येईन.”

काकांनी बुटाची नाडी आवळली. गाडीवर मागं बसले आणि गढा ओलांडल्यावर माझ्या कानाशी म्हणाले, “लोकांची भिंत कुठं मिळते हो?”

मला तेव्हाच कळलं की हा माणूस आता गमतीनं फोटो काढत नाही. काकूंनी एकदा नवी साडी नेसून यावं आणि त्यांचा एक फोटो भिंतीवर पाहावा, एवढंच त्यांना हवं होतं. अडचण एकच. भिंतीवर लावण्याजोगा फोटो आधी त्यांनी स्वतः पास करायला हवा होता.

* * *

आता वानखेडेंचं. वानखेडे रेल्वेच्या ऑफिसात, नागपूरहून बदलून आलेले. उत्साही माणूस. आल्या आल्या आमचे सेक्रेटरी झाले. आम्हांला सेक्रेटरी हवा होता असं नाही, पण त्यांना व्हायचं होतं.

त्यांनी पहाटेच्या नर्मदेचा एक फोटो काढला. धुक्यातून एक म्हैस पाण्याबाहेर येते आहे, शिंगांवर उजेड. फोटो फिरत फिरत माझ्याच दैनिकात छापून आला. खाली नाव होतं, ‘साभार: सोशल मीडिया’.

माझं डोकं फिरलं. मी तडक संपादकांच्या खोलीत गेलो. म्हणालो, “हा सोशल मीडिया कोण फोटोग्राफर आहे, त्याला बोलवा. मला भेटायचंय. पहाटे चिखलात उभा राहिला माणूस, आणि नाव कुणाचं?”

संपादक तरुण होते. घाबरले. म्हणाले, “सर, कल ही भूल-सुधार छाप देते हैं.”

दुसऱ्या दिवशी भूल-सुधार छापली. ठळक अक्षरांत, चौकटीत. ‘कल के अंक में प्रकाशित भैंस का चित्र श्री वानखेडे का है.’

वानखेडेंच्या ऑफिसात ते कात्रण अजून नोटीस बोर्डावर आहे. मला ते अधूनमधून विचारतात, “भाऊ, तुमाले कोणं सांगतलं होतं भांडाले?”

* * *

आमचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्यावर फोटो टाकायचा आणि खाली कॅमेरा, लेन्स, शटर लिहायचं. बाकीच्यांनी लिहायचं ‘नाइस क्लिक’. या दोन शब्दांविरुद्ध मी एकट्यानं आघाडी उघडली आहे. फोटो पाहायला लागतो तेवढाही वेळ न घेता लिहिलेली दाद ही दाद नव्हे, ती हजेरी आहे. असं मी ग्रुपवर लिहिलं. त्याला डॉक्टरांनी उत्तर दिलं, ‘नाइस क्लिक’.

कळस झाला तो वानखेडेंचे मामा नागपुरात गेले तेव्हा. वानखेडेंनी मामांचा हसरा फोटो ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, ‘भावपूर्ण आदरांजली’. डॉक्टर पेशंटच्या दाढेत अडकले असणार. त्यांनी डोळे मिटून बोट दाबलं. ‘नाइस क्लिक. लेन्स कोणती?’

आता वानखेडे ग्रुप सोडणार, असं मला वाटलं. तेवढ्यात मेश्रामकाकांचा संदेश आला.

‘कपाळावर उजेड जास्त झाला आहे. माणूस चांगला दिसतो.’

आणि वानखेडेंनी दोघांना मिळून एकच उत्तर दिलं. ‘धन्यवाद. पन्नास एमएम.’

* * *

त्यानंतरची गोष्ट. ग्वारीघाटावर एक नाव बांधून ठेवली होती. नावेपासून काठावरच्या खुंटीपर्यंत दोरी, मध्ये चांगलाच झोळ पडलेला. त्या दोरीवर एक पाणकावळा येऊन बसला आणि त्यानं पंख वाळवायला पसरले. आम्ही सगळेच धावलो. डॉक्टर लेन्स बदलत राहिले. वानखेडेंच्या फोटोत एका पंखाचं टोक कापलं गेलं. रियाच्या फोटोत मध्ये वानखेडे आले. माझा हलला.

काकांनी एकच काढला.

दवाखान्यात तो पडद्यावर आला. काकांनी चष्मा कपाळावर चढवला. खुर्चीतून उठले, जवळ गेले. डावं टोक पाहिलं, उजवं टोक पाहिलं, चोच, डोळा, पाण्यातली सावली. पेशंटच्या बाकांवर बसलेले आम्ही अगदी पेशंटसारखेच दिसत असू.

“पास,” काका म्हणाले.

मग ते खाली बसले आणि त्यांनी पाणी मागितलं.

वानखेडेंनी त्याच बैठकीत प्रदर्शन जाहीर करून टाकलं. राइट टाउनातल्या एका मंडळाचा हॉल मिळतो, ते स्वतः बोलतील, पाहुणे तेच आणतील. लोकांची भिंत अखेर मिळाली.

* * *

प्रदर्शनाची तयारी आम्ही शिस्तीत केली. प्रत्येक फोटोखाली एक चिठ्ठी लावायची ठरली. त्यावर फोटोवाल्याचं नाव, कॅमेरा, लेन्स, शटर आणि फोटोचं शीर्षक. काकांनी शीर्षक द्यायला नकार दिला. “मालाला नाव ठेवणं इन्स्पेक्शनचं काम नाही,” म्हणाले.

घरीही त्यांनी काही सांगितलं नव्हतं. कोणता फोटो आहे, कशाचा आहे, एक शब्द नाही. प्रिंटसुद्धा दुकानातून थेट हॉलवर नेला. घरात तो फोटो होता फक्त काकांच्या फोनमध्ये, आणि मोबाइलमधलं काकूंना दिसत नव्हतं. काकूंना फक्त वेळ सांगितली होती. “तिथंच पाहा,” एवढंच. काकू म्हणाल्या होत्या, पाहू.

आदल्या संध्याकाळी आम्ही सगळे फोटो टांगले. हॉलचं सगळं पाहतात ते दुबेजी. मन लावून काम करणारा माणूस. सांगितलेलं काम अर्धवट ठेवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी वानखेडे पाहुण्यांना आणायला निघाले. वाटेत त्यांना सुचलं की उद्घाटनानंतर गर्दीत राहून जाईल, तेव्हा प्रत्येक सभासदाचा त्याच्या फोटोसमोर उभं करून एक फोटो आधीच काढून ठेवावा. दुबेजींकडे चांगला फोन आहे. वानखेडेंनी त्यांना फोन लावला आणि आपल्या नागपुरी हिंदीत सांगितलं, “दुबेजी, मेहमान आने से पहले सबके फोटो निकालके रखना. एक-एक करके निकालना. किसी का छूटना नहीं चाहिए.”

मराठीत आपण फोटो काढतो. नागपूरकर हिंदीत तो निकालतात. जबलपूरचा माणूस मात्र फोटो खींचतो. निकालतो ती वस्तू, जी कुठंतरी लागलेली असते.

दुबेजींनी एक-एक करून निकाले. कुणाचाही सोडला नाही. मऊ कापडात गुंडाळून सगळे स्टोअरमध्ये ठेवले, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकून भाचीच्या लग्नाला गेले. फोन बंद.

आम्ही हॉलवर पोचलो तेव्हा भिंतींवर खिळे होते आणि खिळ्यांखाली चिठ्ठ्या. बाकी स्वच्छ.

मी मंडळाच्या अध्यक्षांशी कुलूप तोडण्यावरून भांडलो. ते म्हणाले, कार्यकारिणीचा ठराव लागेल. मी म्हणालो, मग आत्ताच करा. ते म्हणाले, कोरम नाही. एवढ्यात पाहुण्यांची गाडी फाटकात शिरली.

पाहुणे बडे निवृत्त अधिकारी. आयुष्यभर उद्घाटनं केलेली. त्यांनी फीत कापली, हात मागं बांधून एक फेरी मारली, प्रत्येक चिठ्ठीपुढं योग्य तेवढं थांबले आणि भाषणात म्हणाले, “ऐसी सादगी मैंने आजकल की फोटोग्राफी में नहीं देखी.” टाळ्या झाल्या. मी वाजवल्या नाहीत.

शहरातले इतर कॅमेरेवाले आले. ते चिठ्ठीपासून चिठ्ठीकडं जात होते, शटर वाचत होते, लेन्सांची नावं टिपून घेत होते. एक जण डॉक्टरांच्या चिठ्ठीपाशी बराच वेळ थांबला आणि म्हणाला, “इस लेंस का रिजल्ट कैसा है?” डॉक्टर म्हणाले, “बीच में उत्तम.” दोघांची चांगली गट्टी जमली. भिंतीवर काही नाही याची त्या कोपऱ्यात कुणाला अडचण वाटत नव्हती.

एका दैनिकाचा नवा बातमीदार दारातूनच प्रेस नोट घेऊन निघाला. मी विचारलं, “फोटो नहीं देखोगे?” म्हणाला, “सर, खबर तो चली गई. दर्शक मंत्रमुग्ध, लिख दिया.” त्याच्या मागं जाऊन मी त्याला पत्रकारितेवर जे ऐकवायचं ते सगळं ऐकवणार होतो, पण मी थांबलो. कारण मेश्रामकाका.

काका खिडकीजवळच्या त्यांच्या खिळ्याखाली उभे होते. कोट घातला होता, कारखान्याच्या निरोप समारंभाचा. वानखेडे त्यांच्यापुढं हात जोडून रडायच्या बेतात आले होते. काका त्यांना रागावलेही नाहीत. फक्त दाराकडं पाहत होते आणि म्हणत होते, “तिले फोन करा. नको येऊ म्हणा. पाणी येणार आहे म्हणा.”

रियानं फोन लावला. घंटी हॉलच्या दारातच वाजली.

काकू आल्या होत्या. नवी साडी, जांभळी. केसांत गजरा. रिक्षानं आल्या असाव्यात, कपाळावर घाम होता. त्यांनी फोन बंद केला, चारी भिंती एकदा पाहिल्या आणि सरळ काकांपाशी गेल्या.

“तुमचा कोणता होय?”

आम्ही सगळे कुठं ना कुठं पाहायला लागलो. वानखेडे माझ्या मागं लपले. आयुष्यात एकही खोटा शेरा न दिलेला माणूस काय करतो, हे मला पाहवतही नव्हतं आणि न पाहताही राहवत नव्हतं.

काकांनी हात वर केला आणि खिळ्याखालची मोकळी भिंत दाखवली.

“हा.”

काकूंनी पर्समधून चष्मा काढला. पदराच्या टोकानं पुसला, डोळ्यांवर ठेवला. जवळ गेल्या, मग दोन पावलं मागं आल्या, मान जरा तिरकी केली. बराच वेळ पाहिलं. काका बाजूला उभे, हात कोटाच्या शिवणीला लावून.

“दोन्ही पंख पुरे आले आहेत,” शेवटी काकाच हळूच म्हणाले.

“ते तर दिसूनच राहिलं,” काकू भिंतीकडंच पाहत म्हणाल्या. “पण दोरी काहून एवढी ढिली आहे?”